परंड्याची गादी आणि मलिक अंबर

धाराशिव जिल्ह्याच्या पश्चिमेला परंडा आणि आग्नेयेला नळदुर्ग. आज हे दोन्ही किल्ले एकाच जिल्ह्यात आहेत. शाळांच्या सहली दोन्हीकडे जातात. परंड्याला मुले तोफांवर बसून छायाचित्रे काढतात आणि नळदुर्गला पाणीमहालावरून कोसळणारे पाणी पाहतात. चारशे वर्षांपूर्वी मात्र हे किल्ले दोन राज्यांचे होते. परंडा अहमदनगरच्या निजामशाहीचा, तर नळदुर्ग विजापूरच्या आदिलशाहीचा. दोन राज्यांची सरहद्द आपल्या या बालाघाटाच्या पट्ट्यातून जात होती आणि उत्तरेकडून मोगलांची तिसरी, सर्वांत बलाढ्य सत्ता दोघांनाही गिळण्यासाठी पुढे सरकत होती. बोरी नदीवरचा पाणीमहाल इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, १६१३ मध्ये बांधला गेला. त्याच सुमारास निजामशाहीचा एक वृद्ध पेशवा मोगलांशी लढत होता, तहही करत होता आणि ज्या आदिलशहाकडून पैसा व घोडदळ घेत होता त्याच्यावर नजरही ठेवून होता. त्या पेशव्याचे नाव मलिक अंबर.

आपल्या जिल्ह्याचा अंबरशी असलेला संबंध पाठ्यपुस्तकात एका ओळीपुरताही येत नाही. वस्तुतः त्याच्या राजकीय जीवनाचा खरा आरंभ परंड्यातच झाला.

त्याचा जन्म १५४८ च्या सुमारास हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. आईवडिलांनी ठेवलेले त्याचे नाव चापू असे होते, असे एका डच व्यापाऱ्याने नोंदवून ठेवले आहे. हा व्यापारी अंबरच्या हयातीतच दख्खनमध्ये येऊन गेला होता. लहानपणीच चापू गुलामांच्या बाजारात पोहोचला. येमेनमधील मोखा बंदरात त्याची विक्री झाली, पुढे बगदादला झाली. बगदादच्या मीर कासीम नावाच्या धन्याने त्याची बुद्धी ओळखून त्याला लिहायला-वाचायला, हिशेब-कारभार करायला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. तेथून तो दख्खनमध्ये आला. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखान स्वतः हबशी होता आणि तोही एके काळी गुलामच होता.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. दख्खनच्या सुलतानांना लष्करासाठी विश्वासू माणसे हवी असत. ज्याला येथे भाऊबंद नाहीत, वतन नाही, जुने वैर नाही, असा परदेशी गुलाम त्यांना सोयीचा वाटे. ही व्यवस्था क्रूरच होती. पोटच्या लेकराला आईपासून तोडून बाजारात उभे करणाऱ्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु त्याच व्यवस्थेत मुक्त झालेला गुलाम सरदार होऊ शकत होता, पेशवा होऊ शकत होता. ज्या गावगाड्यात त्या काळी आपले पूर्वज वेशीबाहेर राहत होते, त्यात अशी एकही फट नव्हती. एवढी तुलना इतिहासाच्या विद्यार्थ्याने मनात ठेवली तरी पुरे.

चंगीझखानाच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने अंबरला मुक्त केले. त्यानंतरची सुमारे वीस वर्षे त्याने कधी गोवळकोंड्याच्या, तर कधी विजापूरच्या चाकरीत काढली. मलिक ही उपाधी त्याला विजापुरात मिळाली, परंतु तेथे मनाजोगे पाठबळ मिळेना म्हणून तो बाहेर पडला. या वीस वर्षांची तपशीलवार माहिती नसली तरी त्यांचे मोल फार मोठे आहे. ज्या दोन दरबारांशी पुढे आयुष्यभर वाटाघाटी करायच्या होत्या, त्यांचे अंतरंग त्याने चाकर म्हणून आतून पाहिले होते. तिथला कोणता सरदार कोणाचा द्वेष करतो, खजिन्यात किती आहे, सुलतान कशाला भितो, हे त्याला वकिलाच्या पत्रावरून कळण्याची गरज नव्हती.

तो अहमदनगरला परतला तेव्हा, १५९५ च्या सुमारास, निजामशाही आतून पोखरली होती. गादीवर कोणाला बसवायचे यावरून दरबारात तट पडले होते आणि त्यांतील मिया मंजू नावाच्या मुत्सद्द्याने आपल्या तटाची सरशी व्हावी म्हणून मोगल शाहजादा मुराद यालाच मदतीला बोलावले. घरातल्या भांडणात शेजारच्या बलदंडाला बोलावले की तो भांडण मिटवून परत जात नाही. चांदबिबीने किल्ला शर्थीने लढवला, पण १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तह करावा लागला. पुढे चांदबिबीचा तिच्याच लोकांनी घात केला आणि १६०० च्या ऑगस्टमध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती पडले. बाल निजामशहा बहादूर याची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत झाली. राजधानी गेली, राजा गेला. अकबराच्या दृष्टीने निजामशाही संपली होती.

अंबरने ती संपू दिली नाही. निजामशाही घराण्यातील एक वारस आदिलशाही मुलखात राहत होता. अंबरने त्याला शोधून आणले, परंड्याच्या किल्ल्यात दुसरा मुर्तझा निजामशहा म्हणून गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. परंडा ही निजामशाहीची राजधानी झाली. परंड्याची निवड विचारपूर्वक होती. किल्ला भुईकोट असला तरी खंदक आणि तटबंदीने बळकट होता. अहमदनगरहून मोगल फौज निघाली तर तिची वर्दी मिळण्याइतका तो दूर होता आणि विजापूरच्या सरहद्दीला इतका लगटून होता, की येथे मोगल आले तर आदिलशहाची झोप उडावी. आपल्या संकटात शेजाऱ्याचा स्वार्थ गुंतवून ठेवण्याचे अंबरचे कौशल्य येथे प्रथम दिसते.

त्याला अडथळा घरातलाच होता. राजू दखनी नावाच्या सरदाराने राज्याचा उत्तरेकडचा भाग बळकावला होता. मोगल सेनापती खानखानान या दोघांना एकमेकांविरुद्ध खेळवत होता. १६०२ मध्ये नांदेडजवळ खानखानानच्या मुलाशी अंबरची लढाई झाली. अंबर जखमी होऊन पडला आणि त्याच्या माणसांनी त्याला जिवावर उदार होऊन रणातून बाहेर काढले. यानंतर त्याने मोगलांशी सरळ तह केला, सीमा ठरवून घेतली. एका पराभवाने तो खचला असे कोणाला वाटले असेल. प्रत्यक्षात त्याला राजूशी निपटण्यासाठी उसंत हवी होती. इकडे सलीमने बापाविरुद्ध बंड केले, १६०५ मध्ये अकबर वारला, पाठोपाठ नव्या बादशहाविरुद्ध त्याचाच मुलगा खुस्रू उठला. उत्तरेत हे चालू असताना अंबरने राजूचा बीमोड केला, राज्य एकहाती आणले आणि राजधानी परंड्याहून आधी जुन्नरला व पुढे दौलताबादला हलवली. मोठ्या सत्तेलाही घर असते आणि त्या घरातही भांडणे असतात. अंबरचे लक्ष आग्र्याच्या फौजेइतकेच आग्र्याच्या घरावर असे.

आदिलशहाशी त्याचे वागणे अधिक गुंतागुंतीचे होते. विजापूर आणि अहमदनगर यांचे वैर जुने होते. सोलापूरच्या किल्ल्यावरून त्यांची पिढ्यान्‌पिढ्या भांडणे चालली होती. तरीही अंबरने इब्राहिम आदिलशहाला एक गोष्ट पटवून दिली, ती म्हणजे निजामशाही पडली की मोगलांची पुढची छावणी विजापूरच्या मुलखात पडणार. त्यामुळे १६०९ च्या सुमारास आदिलशहाने कंधारचा किल्ला त्याच्या हवाली केला आणि दहा हजार घोडदळ मदतीला दिले. अंबरने आपल्या मुलाचा विवाहही विजापूरच्या एका वजनदार हबशी सरदाराच्या मुलीशी लावला. थोडक्यात, मोगलांशी लढाई निजामशाहीच्या भूमीवर चालली होती आणि तिच्या खर्चाचा वाटा विजापूर उचलत होते. १६१० मध्ये अहमदनगरचा किल्ला परत मिळाला. १६११ मध्ये गुजरातकडून नाशिकच्या वाटेने आलेल्या अब्दुल्लाखानाच्या प्रचंड फौजेला अंबरच्या घोडदळाने रात्रंदिवस टोचून, रसद तोडून इतके हैराण केले, की ती आल्या वाटेने पळाली.

ही लढण्याची रीत म्हणजे गनिमी कावा. हलके, चपळ मराठा घोडदळ हे त्याचे मुख्य शस्त्र होते. भोसले, जाधव अशी घराणी निजामशाहीत होती; शहाजीराजांची उमेदवारी याच राजकारणात झाली. मोठ्या फौजेशी मैदानात भिडायचे नाही, तिला आपल्या डोंगरात ओढायचे, तिचा दाणागोटा तोडायचा, हे त्याने पद्धतशीर केले. या युद्धपद्धतीचे कौतुक सगळेच करतात. तिची किंमत कोणी मोजत नाही. शत्रूला वैरण मिळू नये म्हणून जी गवते आणि उभी पिके जाळली जात, ती कुणब्याची असत. बालाघाटावरच्या गावांनी मोगल आणि निजामशाही अशा दोन्ही फौजांचे घोडे पाहिले. राज्य तगले, पण ते कोणाच्या धान्यावर तगले हा प्रश्न विचारल्यावाचून त्या काळाचा इतिहास पुरा होत नाही.

हे अंबरला कळत होते, असे त्याच्या महसूल व्यवस्थेवरून म्हणता येते. त्याने मक्त्याने वसुली देण्याची पद्धत मोडली. जमिनीची प्रतवारी लावली, पिकाचा अंदाज घेऊन सारा ठरवला, तो रोखीत भरण्याची सोय केली आणि कसणाऱ्याचा जमिनीवरील मिरासी हक्क मान्य केला. मलिक अंबरची धारा हे नाव त्याच्यानंतरही दोन शतके दख्खनच्या दप्तरांत राहिले. सतत लढणाऱ्या छोट्या राज्याला लुटीवर फार काळ जगता येत नाही. दरवर्षी किती येणार हे ठाऊक असलेला खजिना लागतो. खडकी हे शहर त्याने वसवले आणि जमिनीखालून नळ-खापरांच्या वाटेने पाणी आणणारी नहर त्या शहरासाठी बांधली. खडकीचे पुढे औरंगाबाद झाले. बाबासाहेबांनी १९५० मध्ये उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयात आपल्या शाळेतून शिकायला गेलेल्या कित्येकांनी त्या नहरीची बांधकामे येता-जाता पाहिली असतील.

त्याच्या चारित्र्यातील एक काळी बाजूही सांगितली पाहिजे. ज्या मुर्तझाला त्याने परंड्यात गादीवर बसवले, त्याच्याशी त्याचे पुढे बिनसले. त्याच डच व्यापाऱ्याच्या वृत्तांतानुसार निजामशहाच्या एका राणीने अंबरच्या मुलीचा गुलामाची पोर म्हणून अपमान केला. त्यानंतर राणी आणि निजामशहा दोघेही विषाने मेले आणि अंबरने एका लहान मुलाला गादीवर आणले. राज्याचा मालक झालेल्या माणसाच्या मुलीलाही गुलाम हा शब्द सोडत नव्हता. अपमान खरा होता, म्हणून खून क्षम्य ठरत नाही.

मोगलांनी आता डाव बदलला. तलवारीने जे साधत नव्हते ते त्यांनी फोडाफोडीने साधायचे ठरवले. अंबरचे काही सरदार मनसबीच्या आमिषाने फुटले आणि १६१६ मध्ये जालन्याजवळ रोषणगावला त्याचा मोठा पराभव झाला. खडकी उद्ध्वस्त झाली. याच सुमारास जहांगीरने एक चित्र काढवून घेतले. त्यात बादशहा पृथ्वीगोलावर उभा आहे आणि भाल्याच्या टोकावर खोचलेल्या अंबरच्या मस्तकावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही. हिंदुस्थानच्या बादशहाला एका माजी गुलामाला चित्रात मारावे लागले, यातच सगळे आले. १६१७ मध्ये शाहजादा खुर्रम स्वतः दक्षिणेत आला आणि आदिलशहाने मध्यस्थी करून तह घडवला. अंबरने अहमदनगरच्या किल्ल्या दिल्या, बालाघाटाचा मुलूख सोडला. मध्यस्थीबद्दल जहांगीरने आदिलशहाला पुत्र ही पदवी दिली. ही पदवी फुकटची नव्हती. विजापूरला अंबरपासून तोडण्याची ती सुरुवात होती.

तीन वर्षांनी मोगल फौजा उत्तरेत गुंतताच अंबरने तह मोडून गेलेला मुलूख परत घेतला आणि थेट बुऱ्हाणपूरला वेढा घातला. शाहजादा पुन्हा आला. १६२१ मध्ये पुन्हा तह झाला, पुन्हा मुलूख गेला आणि तिन्ही दख्खनी राज्यांवर मिळून ५० लाखांची खंडणी बसली. अंबर तह पाळत नसे असा आरोप मोगल इतिहासकार करतात. तो खराच आहे. मात्र जे तह त्याच्यावर लादले गेले, ते त्याने उसंत म्हणून वापरले. त्यांना अखेरचा शब्द त्याने कधी मानले नाही.

त्याच्या मुत्सद्देगिरीची सर्वांत कठीण परीक्षा १६२३-२४ मध्ये झाली. शाहजादा खुर्रम, म्हणजे शाहजहान, बापाविरुद्ध बंड करून दक्षिणेत आला आणि त्याने अंबरकडे मदत मागितली. अंबरने ती नाकारली. कारण त्या वेळी त्याला बादशाही सेनापती महाबतखान याच्याशी संधान बांधायचे होते. अडचण अशी, की आदिलशहालाही महाबतखानच हवा होता, आणि तोही अंबरविरुद्ध. दोन छोटी राज्ये एकाच मोठ्या सत्तेची मर्जी मिळवण्यासाठी एकमेकांवर बोली लावू लागली. मोगलांनी विजापूरची बोली घेतली. आदिलशहाने आपले पाच हजार घोडदळ मुल्ला महंमद लारी याच्या हाताखाली बुऱ्हाणपूरला मोगलांच्या सेवेत धाडले.

उत्तरेचा मोगल आणि दक्षिणेचा आदिलशहा एकत्र झाले की निजामशाही अडकित्त्यातल्या सुपारीसारखी फुटणार, याच गोष्टीला अंबर पंचवीस वर्षे टाळत आला होता. पंचाहत्तरी गाठलेल्या या माणसाने आता जे केले ते पाहण्यासारखे आहे. त्याने प्रथम निजामशहाला आणि आपल्या कुटुंबाला दौलताबादच्या आसऱ्याला ठेवले. मग गोवळकोंड्याच्या सरहद्दीवर जाऊन कुतुबशहाकडून थकलेला पैसा वसूल केला आणि त्याच्याशी करार करून ती बाजू निर्धोक केली. त्यानंतर मोगलांच्या वाटेला न जाता बिदर लुटून तो विजापुरावर चालून गेला, कारण आदिलशहाची उत्तम फौज दूर बुऱ्हाणपूरला अडकली होती. दुसऱ्याच्या संरक्षणाच्या भरवशावर आपले सैन्य बाहेर धाडणाऱ्या इब्राहिम आदिलशहाला स्वतःच्याच राजधानीत कोंडून घ्यावे लागले. त्याने लारीला परत बोलावले. लारीबरोबर मोगल फौजही निघाली. अंबरने मोगल अधिकाऱ्यांना परोपरीने विनवले, की आपले भांडण विजापूरशी आहे, बादशहाशी नाही. त्यांनी ऐकले नाही. तेव्हा तो मागे हटत हटत अहमदनगरजवळ भातवडीला आला. तेथील तलाव फोडून त्याने वाटेत चिखल केला, शत्रूची रसद तोडली, रात्री-अपरात्री छापे घातले. उपासमारीने शत्रूच्या छावणीतील माणसे फुटू लागली. १६२४ च्या या लढाईत लारी मारला गेला, मोगल सरदार कैद झाले. शहाजीराजे या लढाईत अंबरच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी येथेच पडले.

विजयानंतर अंबरने विजापूरजवळचे नवरसपूर जाळले, ज्या सोलापूरसाठी पिढ्या झगडल्या ते सोलापूर १६२५ मध्ये घेतले, आणि ज्या शाहजहानला आधी दार लावले होते त्याला आता मदत देऊन बुऱ्हाणपूरवर पाठवले. बंडखोर शाहजादा तोच होता. फक्त मोगल दरबाराच्या मर्जीची गरज आता उरली नव्हती. नवरसपूर जाळण्याची मात्र काहीच आवश्यकता नव्हती, असे माझे मत आहे. इब्राहिमने हौसेने वसवलेले ते नगर होते. ज्या शेजाऱ्याशी उद्या पुन्हा हातमिळवणी करावी लागणार, त्याच्या मनात कायमचा डंख ठेवणे हे अंबरच्या नेहमीच्या धोरणाशी विसंगत होते.

मे १६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, मलिक अंबर वारला. खुलताबादला त्याने आधीच बांधून ठेवलेल्या कबरीत त्याचे दफन झाले. ज्या मोगल दरबाराने हयातभर त्याला शिव्याच दिल्या, त्या दरबाराच्या इतिहासकाराने त्याच्या मृत्यूनंतर मात्र युद्धात आणि कारभारात त्याच्या तोडीचा माणूस नव्हता अशा आशयाची कबुली लिहून ठेवली.

पुढचे फार लांबवण्यासारखे नाही. त्याचा मुलगा फत्तेखान याच्याकडे बापाचे पद आले, दृष्टी आली नाही. मोगल की आदिलशहा हे गणित रोज नव्याने मांडावे लागते. ते अंबरच्या एकट्याच्या डोक्यात होते आणि त्याने ते कोणाला शिकवले नाही. १६३० च्या दुष्काळाने मुलूख ओस पडला. १६३१ मध्ये मोगलांनी परंड्याला वेढा घातला, पण किल्ला पडला नाही. तो मोगलांच्या हाती जाऊ नये म्हणून आदिलशहाकडे गेला. १६३३ मध्ये दौलताबाद पडले. शहाजीराजांनी पेमगिरीला आणखी एका बाल निजामशहाला गादीवर बसवून अंबरचाच प्रयोग तीन वर्षे पुन्हा चालवून पाहिला. परंतु १६३६ मध्ये मोगल आणि आदिलशहा यांनी तह करून निजामशाही आपसात वाटून घेतली. सोलापूर आणि परंडा विजापूरच्या वाट्याला आले.

त्यापूर्वीच, १६३२ मध्ये, परंड्याची एक तोफ विजापूरला नेण्यात आली होती. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली, सुमारे ५५ टन वजनाची ती मुलुख-मैदान तोफ. ती ओढून नेण्यासाठी शेकडो बैल आणि माणसे जुंपली गेली असतील. ती आजही विजापूरच्या बुरुजावर आहे. परंड्याच्या किल्ल्यात तिच्या मागे राहिलेल्या तोफा आहेत, आणि परंडा व नळदुर्ग १६३६ नंतर एकाच सुलतानाच्या मुलखात आले.